आईच्या वेलाची माती

रेणापूर, २ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. महादेवीअक्कास, धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडचा आईच्या रताळ्यांचा वेल दुष्काळात गेला, हे वाचून दिवसभर हात चालला नाही. आता तो फक्त माझ्या तुकड्यात उरलाय, आणि इथंही दोन वर्षं रताळी बोटाएवढीच. लातूर नवा जिल्हा झाला, विहिरीला त्याचं काय! मामंजी म्हणतात, लई झाली रताळी, यंदा न्हाई धरली तर ज्वारी पेरू. तरी मायेनं तीनदा खोल नांगरून दिलं.

तू पाठवलेला मातीचा डबा पोचला. आत पांढरी बुरशी धरली होती. काळजी करू नकोस. माती गच्चीवर कडक उन्हात वाळवली, चाळून स्वच्छ केली.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी शिवगंगा

उमरी, १० ऑक्टोबर

चि. सौ. शिवगंगास, अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, ती बुरशीच तर पाठवली होती! तुझे दाजी अजून हसून राहिलेत. मला मात्र रडू आलं. ती आईच्या वाफ्यातली माती. दाजींच्या ओळखीचे शेतीचे मास्तर सांगत होते, ते पांढरे धागे मुळांना धरून राहतात, मुळी पोचत नाही तिथली ओल तिला आणून देतात. खोल नांगरटीनं तुटतात. आई नुसत्या खुरप्यानं वरंबा मोकळा करायची, आपण तिला चेंगट म्हणायचो.

रविवारी दाजी दुसरा डबा घेऊन येतील. वाळवू-चाळू नकोस, बाई! वेल लावताना बुडाशी मूठ मूठ घाल. मामंजींचे आभार मान, आणि नांगर घरीच ठेवायला सांग.

मुलांना गोड पापा.
अक्का

रेणापूर, महाशिवरात्र १९८७

ती. सौ. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

दाजींनी डबा मांडीवर आणला, कंडक्टरला प्रसाद आहे म्हणून सांगितलं! नांगराचं मामंजींना सांगायला माझी जीभ रेटेना, यांनी सांगितलं. दोन दिवस मामंजी नांगराचा फाळच पुसत बसले. मग आपणच खुरपं घेऊन वरंब्यावर बसले.

पौषात पानं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी पुन्हा उभी राहायची. जमिनीखाली कुणीतरी आपल्यासाठी राबतंय, असं वाटायचं.

आज पहिला वेल खणला. एकेक रताळं मुठीत मावेना. उपवासाला उकडली. मामंजींनी एक खाल्लं, दुसरं मागून घेतलं. म्हणाले, विहीणबाईंच्या घरी खाल्लं होतं, तसंच हाय. ज्वारीचं नाव काढलं नाही. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

आभार मानले तर तू रागावशील, म्हणून रोज दिवा लावताना तुम्हा दोघांची नावं तेवढी घेते. उद्याच्या एस.टी.नं वेलाचे तुकडे पाठवते. लांबलचक पत्राची घाई नाही. रुजला, एवढंच लिही.

तुझीच
शिवगंगा