बारावा दगड

ता. मंठा,
४ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,

आत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तीनदा फोन करूनही मी बोलले नाही म्हणून फुगली असशील. अगं, फोन कानाला लावला की आत कुणीतरी सुपात दाणे पाखडतंय असं ऐकू येतं, माणूस काही सापडत नाही. पत्राचं बरं असतं, त्याला कान लागत नाहीत. तुझं अक्षर वाचायला मात्र डोळे चार लागतात. वकील झालीस म्हणून डॉक्टरासारखं लिहायची गरज नव्हती.

तूर घरात आली. यंदाही खळं डांबरी रस्त्यावरच केलं. तीस वर्षं शाळेत पोरांना रस्त्यावर खेळू नका म्हणून ओरडले आणि आता सगळ्या गावाबरोबर मीही तिथंच पसारा मांडते. आधी तुरीच्या पेंढ्या अंथरायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं फुकटात मळणी करून जातात. मग दाणे अर्ध्या रस्त्यात वाळत घालायचे आणि त्यावरून कुणी गाडी नेऊ नये म्हणून कडेनं दगड मांडायचे. माझे बारा दगड आहेत, दरवर्षी तेच. सकाळी धुकं असलं की तो तांबूस पट्टा असा दिसतो की वाटतं, रस्ता इथंच संपला आणि पुढं नुसतं शेत आहे. मी कडेला खुर्ची टाकून बसते. जागी असते की झोपेत, ते माझं मलाच सांगता येत नाही.

आता कामाचं. माझा विद्यार्थी भारत तुला आठवत असेल, पुष्पाबाईचा मुलगा. भाड्यानं गाडी चालवतो. २४ जानेवारीला सकाळी सातच्या सुमारास तो आईला परतूरच्या रेल्वेवर सोडायला निघाला होता. फाट्याच्या वळणावर गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. त्याला खरचटलं, पण पुष्पाबाईच्या मांडीचं हाड मोडलं. पोलिसांनी निष्काळजीपणे गाडी चालवून आईला जखमी केलं असा गुन्हा त्याच्यावरच घातला आहे. तो सांगतो की रस्त्यात दगड होता, तो चुकवायला गेलो. जमादारांनी पंचनामा केला तेव्हा रस्ता झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. त्यामुळे गाव म्हणतं, डुलकी लागली. तू त्याचं वकीलपत्र घे. लायसन्स गेलं तर पोटावर पाय येईल, पण मला काळजी दुसरीच आहे. तो माणसांच्या नजरेला नजर देईनासा झाला आहे.

आणि जाता जाता, माझ्या ज्ञानात भर म्हणून सांग. असा दगड खरंच असला, तर कायदा कुणाला धरतो?

संपतला म्हणावं, बहीण जिवंत आहे, कधीतरी तोंड दाखव. लोभ आहे तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी आत्या,
बेबीनंदा


जालना,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,

ज्योत्स्नाचा सविनय जयभीम. वि. वि. हे पत्र मी पट्टी धरून लिहिते आहे, तेव्हा अक्षरावर काही बोलू नकोस. पप्पांना तुझा निरोप दिला. ते म्हणाले की बहिणीनं आधी कानाचं मशीन लावावं, मग तोंड बघावं.

भारत येऊन गेला. मी वकीलपत्र घेतलं. दोन तास बसला होता, चहा तसाच निवला. निघताना त्यानंच सांगितलं की आमच्या मॅडमला समदं कळवा, त्यांच्यापासून कायबी लपवायचं न्हाई. म्हणून लिहिते.

तुझ्या ज्ञानात भर. रस्त्यात पडलेल्या वस्तूमुळे अपघात झाला की आधी विचारायचं, ती तिथं आली कशी. ज्यानं टाकली किंवा उचलायची राहू दिली, त्याची जबाबदारी पहिली. सार्वजनिक रस्त्यात धोका होईल असा अडथळा ठेवणं हा गुन्हा आहे, आणि जखमी माणूस त्याच्याकडे नुकसानभरपाई मागू शकतो, ते वेगळं. रस्ता राखणाऱ्या खात्यालाही विचारता येतं की बाबांनो, हे तुमच्या नजरेला पडलं कसं नाही. पण दगड संध्याकाळी पडला आणि सकाळी अपघात झाला, तर खातं हात वर करतं. शेवटी गाडीवाला. धुक्यात त्यानं वेग कमी ठेवायला हवा होता का, हे बघतात. भारत सांगतो की तो तीसच्या वर नव्हता, आणि गाडीची अवस्था बघता मला ते पटतं.

म्हणजे सगळं त्या दगडावर येऊन थांबतं. तो होता हे दाखवता आलं तर भारत मोकळा. नाही दाखवता आला, तर डुलकी. आणि आत्या, मला भीती वाटली ती पुढचं ऐकून. तो म्हणाला की मॅडम, पहिले पंधरा दिवस मला बराबर आठवत व्हतं, चौकोनी दगड, वरून सपाट. आता डोळे मिटले की दगड कधी दिसतो, कधी दिसतच न्हाई. मायबी म्हणते की तुला झोप लागली व्हती. मंग मी झोपेतच बघितला आसंन. इतकं हळू बोलला की मला पुढं वाकावं लागलं.

त्या दिवशी मी बसनं घरी येताना खिडकीतून रस्ताच बघत होते. संधिप्रकाशात प्रत्येक सावली दगड वाटत होती आणि जवळ गेलं की काहीच नसायचं. मला त्याचं म्हणणं कळलं आणि खूप वाईट वाटलं.

तू फाट्याजवळच राहतेस. त्या दिवशी सकाळी कुणी काही पाहिलं असेल तर विचारून बघ. तुझ्यापुढे गावात कुणी खोटं बोलत नाही. तब्येत सांभाळ आणि माझ्यावरचं प्रेम असंच चालू ठेव, व्याज नको.

तुझी,
ज्योत्स्ना


ता. मंठा,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे, दहापैकी सहा. मशीनचं म्हणशील तर संपतनं आधी स्वतःचे दात बसवावेत.

गावात चौकशी केलीस का म्हणून विचारशील. केली. जीपवाला कारभारी सांगतो की भारत आदल्या रात्री लग्नाच्या भाड्यावरून उशिरा आल्ता, म्हणजे झोपच लागली आसंन. कारभारी त्या सकाळी अंथरुणातच होता, पण सांगतो असं की जणू शेजारच्या सीटवर बसला होता. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला दारातूनच परत पाठवला. नंतर वाटलं, त्याच्यावर रागवायचा मला काय अधिकार.

हल्ली दुपारी डोळा लागतो आणि नको ते दिसतं. परवा वर्ग भरला होता. खिडकीतून धुकं आत येत होतं आणि बाकांवर मुलांच्या जागी माझे दगड बसले होते, शहाण्यासारखे, हाताची घडी घालून. मी हजेरी घेत होते. अकरा जणांनी हजर म्हटलं. बाराव्याचं नाव मला आठवेना आणि तो शेवटच्या बाकावरून माझ्याकडे बघत बसला.

तुला एक परीक्षेचा प्रश्न घालते. समज, एक बाई आहे. संध्याकाळी तूर पोत्यात भरते, दगड गोळा करते आणि सवयीप्रमाणे मोजते. अकराच भरतात. अंधारून आलेलं असतं, थंडी असते, कंबर धरलेली असते. गेला असेल घरंगळत चारीत, सकाळी बघू, असं म्हणून ती घरात जाते. सकाळी धुक्यात मोठा आवाज होतो. सगळे जखमी बाईला उचलायला धावतात. ही पण धावते, आणि तिला वळणावर रस्त्यात तो दगड दिसतो. आणखी कुणाचा जीव जाऊ नये म्हणून ती तो दोन्ही हातांनी उचलते आणि घरी नेऊन ओळीत ठेवते. तेव्हा तिच्या डोक्यात दुसरं काहीही नसतं, हे खरं मान. जमादार तासाभरानं येतात. ते लिहितात, रस्ता मोकळा. ती दारात उभी असते आणि बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हणते. आठवड्यानं बोलू म्हणते. मग बोलायला तोंडच राहत नाही.

ही बाई गुन्हेगार की भली? उत्तर मुद्देसूद लिही. आणि तिचं पेन्शन, तिचं गावातलं मॅडमपण, यातलं काय शिल्लक राहील तेही लिही.

मी कुणा एकीबद्दल म्हणत नाही. लोभ ठेवशील ना, एवढंच विचारते.

बेबीनंदा


जालना,
३ मार्च २०२५

ती. आत्यास,

सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र पाच दिवस माझ्या पर्समध्ये आहे. कोर्टात जाताना नेते, परत आणते. पप्पांना दाखवलेलं नाही.

परीक्षेचं उत्तर लिहिते. त्या बाईनं दगड मोजले आणि एक कमी भरला तरी ती घरात गेली, ती चूक तिची, आणि भरपाईची वेळ आली तर ती तिला चुकणार नाही. सकाळी तिनं दगड उचलला तो चांगल्या मनानं. तो पुरावा आहे हे तिला तेव्हा सुचलं नसेल, मी मानते. पण जमादार लिहीत होते आणि ती दारात गप्प उभी होती, ते मात्र समजून उमजून. पेन्शन जाणार नाही. दंड होईल. पुष्पाबाईंच्या उपचाराचा खर्च मागितला जाईल. मॅडमपणाचं मला माहीत नाही, ते कोर्टाच्या हातात नसतं.

आता ऐक. मी भारतची वकील आहे. तुझा प्रश्न नुसता प्रश्न आहे तोवर मी भाची राहू शकते. यापुढे एक ओळ जरी लिहिलीस तरी मला ती कोर्टात ठेवावी लागेल, नाहीतर त्याचं वकीलपत्र सोडावं लागेल. त्या बाईला सांग की तिनं आधी दुसरा वकील गाठावा. मंठ्यात आदिनाथ नावाचे माझे वर्गमित्र आहेत, माणूस सरळ आहे. त्यांना विचारल्याशिवाय तिनं कुणाजवळ काही बोलू नये.

हे सगळं वकील म्हणून लिहिलं. बाकी काय लिहू? लहानपणी मी तुझ्याकडे सुट्टीला यायचे तेव्हा तू मला खोटं बोलल्याबद्दल भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतंस. मला तुझा फार राग आला आहे, आत्या. आणि रात्रंदिवस तुझीच काळजी वाटते आहे. भारत काल पुन्हा आला होता. तो म्हणाला की मॅडम, न्हाई तर गुन्हा कबूल करून टाकू, दगड न्हवताच म्हणून. तारीख २४ मार्चची आहे. मी त्याला थांबवलं आहे, पण किती दिवस थांबवू?

लोभाबद्दल असं विचारत नको जाऊस.

ज्योत्स्ना


ता. मंठा,
१० मार्च २०२५

चि. ज्योत्स्नास,

अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. तुझं पत्र गुरुवारी आलं. तू सांगितल्याप्रमाणे मी आधी आदिनाथांकडे जायला हवं होतं. गेले, पण नंतर. आधी भारतकडे गेले. हे पत्र तू खुशाल कोर्टात ठेव. म्हणूनच अक्षर वळणदार काढलं आहे.

चार वाजता गेले. पुष्पाबाई अंगणात बाजेवर होत्या आणि दुरुस्त होऊन आलेली गाडी चादरीखाली उभी होती. दीड महिना पुष्पाबाई मलमपट्टीला कारभाऱ्याच्या जीपमधून जातात. मुलाच्या गाडीत बसायला त्यांनी साफ नकार दिला होता, हे मला तिथंच कळलं. ऊन असं पिवळं पडलं होतं की मला क्षणभर वाटलं, हेही माझं दुपारचं स्वप्नच आहे, आत्ता जाग येईल. जाग आली नाही. मग मी उभ्यानंच बोलले. दगड माझा होता, तो उचलायचा मी राहू दिला, आणि नंतर उचलून नेला तोही मीच. चौकोनी होता, वरून सपाट. तुमचा मुलगा झोपला नव्हता.

मला वाटलं होतं, तो ओरडेल. त्यानं फक्त विचारलं की कुठं व्हता. मी सांगितलं, वळणावर, पांढऱ्या रेघेच्या डाव्या अंगाला. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच नव्हता, आईकडे बघत होता. पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग तो मला म्हणाला की मॅडम, तुमी आता जावा. तीस वर्षं मी मुलांना वर्गाबाहेर काढलं, मला कुणी काढलं नव्हतं. बरोबर होतं त्याचं. मला माफी मागायची होती, ती मी त्याच्या पाठीकडे बघून मागितली.

तिथून मंठ्याला गेले. आदिनाथांनी आधी चहा पाजला आणि मग खूप रागावले. परवा त्यांच्याबरोबर ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. जमादारांनी दगड जप्त केला, त्याला चिठ्ठी बांधली आणि माझी सही घेतली. पुष्पाबाईंच्या पायाचं जे होईल ते मी भरीन. गावात दोन दिवसांत तीन जणींनी मला पाहून दार लावलं. लागू दे. रडू आलं ते त्याचं नाही.

तुला न विचारता केलं म्हणून रागाव, पण वकीलपत्र सोडू नकोस. माझ्याविरुद्ध उभी राहशील तेव्हा नीट उभी राहा, आणि भाची म्हणून आवाज खाली आणू नकोस. तसंही मला मोठ्यानं बोललेलंच ऐकू येतं.

आज सकाळी मी दारात उभी होते. धुकं आता उरलं नाही, लांबवरचं दिसतं. भारतची गाडी आली. फाट्याच्या वळणावर हळू झाली, वळली आणि परतूरकडे निघून गेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या सीटवर पाय लांब करून पुष्पाबाई बसल्या होत्या, डोळे मिटून, मान सैल सोडून. गाढ झोपल्या होत्या.

राग सरल्यावर लोभ उरला तर कळव, मी वाट बघीन.

तुझी,
बेबीनंदा आत्या