गप्प बसण्याची शिकवणी

सोमवार, ३ मार्च

गाठ आहे! स्वरयंत्रावर. घशाच्या डॉक्टरांनी ती पडद्यावर दाखवली — वाटाण्याएवढीही नाही, आणि तिच्यापायी एवढी धावपळ. महिनाअखेर शस्त्रक्रिया. "जिवाला धोका नाही, आजोबा. फक्त आवाजाचं सांगता येत नाही. राहील किंवा जाईल."

'फक्त' हा शब्द त्यांनी जरा विचार करून वापरायला हवा होता.

परतताना मुलगा गाडी चालवत गप्प. मीही गप्प. तेवढाच सराव.

मंगळवार, ४ मार्च

मला बोलण्याची चिंता नाही. मुद्रितशोधकाचे आयुष्य कागदाच्या समासात खुणा करण्यात जाते. त्या कामाला तोंड लागत नाही. चिंता आहे ती सकाळच्या स्तोत्राची. ते मला वडिलांनी समोर बसवून शिकवले, अक्षर न् अक्षर पारखून. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले की पुन्हा पहिल्यापासून! "अशुद्ध उच्चारलेली प्रार्थना अर्ध्या वाटेवरून परत येते," असे ते बजावत. तेव्हापासून मी ते रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर मोठ्याने आणि निर्दोष म्हणत आलो आहे. माझ्या धर्मात आणखी काय काय आहे, याची मी कधी फारशी चौकशी केली नाही. हे स्तोत्र होते. ते पुरेसे होते.

पण अशुद्ध प्रार्थना अर्ध्या वाटेवरून परत येत असेल, तर न उच्चारलेली घरातून निघते तरी का?

जेवताना हा प्रश्न मांडला. मुलगा म्हणाला, "मनातल्या मनात म्हणा ना, बाबा." मी म्हणालो, "कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. यांत मन कुठे आहे?" सुनेला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवते. सकाळी उठलं की लावायचं. काम फत्ते!"

म्हणजे प्रार्थना यंत्राने करायची आणि मी शेजारी राखणदारासारखे उभे राहायचे!

गुरुवार, ६ मार्च

दिवाणखान्यातले घड्याळ मागे पडते म्हणून शेजारच्या घड्याळजींना बोलावले. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची मधली भिंत एकच. धर्म मात्र वेगळा. ते आणि त्यांचे लोक दर रविवारी एका खोलीत जमतात आणि गप्प बसतात. झाले! स्तोत्र नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही. पाठांतराचा कंटाळा असलेल्या लोकांनी काढलेला धर्म, असे माझे मत. ते मी त्यांना पूर्वी एकदा सांगितलेही होते. तेव्हा ते नुसते "असेल" म्हणाले होते.

आज गाठीचे सांगितले. मग विचारले, "तोंड न उघडता तुमची प्रार्थना पोहोचते कशी?"

डोळ्याचे भिंग न काढता म्हणाले, "ते आम्हाला तरी कुठं कळलंय, मास्तर? रविवारी या. बसून बघा." (मी मास्तर कधीच नव्हतो. हे त्यांना अनेकदा सांगून झाले आहे.)

"मला धर्म बदलायचा नाही. आधीच सांगून ठेवतो."

"मी तुमचं घड्याळ उघडलंय. घरी नेतोय का?"

उत्तर चोख होते. मान्य करणे भाग आहे.

रविवार, ९ मार्च

जाऊन आलो. लांबट खोली, पांढऱ्या भिंती, समोरासमोर मांडलेली बाके, दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या. समोर पाहावे तर देव नाही — समोर बेकरीवाल्या बाई! सगळे येऊन बसले. मीही बसलो, आता कोणीतरी येऊन सुरुवात करील म्हणून. कोणी येईना. खूप वेळ वाट पाहून शेवटी घड्याळजींना हळूच विचारले, "प्रमुखांना उशीर झालेला दिसतो. सुरू केव्हा होणार?"

ते पुटपुटले, "संपतच आलंय."

आणि खरोखरच सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले नि उठले! मी आख्खी प्रार्थना प्रतीक्षागृहात घालवली.

घरी सुनेला सांगितले. ती एवढी हसली की शेवटी मलाही हसावे लागले.

सोमवार, १० मार्च

काल बसल्या बसल्या मनात स्तोत्र म्हणून पाहिले होते. ते इथे लिहायचे टाळत होतो. मध्यावर अडखळलो! दोन ओळी सापडेनात. आज सकाळी मोठ्याने म्हटले — सुरळीत, एकही खोट नाही. म्हणजे स्तोत्र मला येत नाही. ते माझ्या जिभेला येते. मी नुसता तिला घेऊन बसत होतो.

मग मी स्वतः इतकी वर्षे काय करत होतो?

बुधवार, १२ मार्च

आज विशेष काही नाही. घड्याळ बरोबर चालते आहे.

रविवार, १६ मार्च

पुन्हा गेलो. आज फजिती!

त्यांच्यात कोणाला आतून वाटले तर उठून दोन वाक्ये बोलता येतात. बाकीच्यांनी ऐकायचे — उत्तर द्यायचे नाही, मान डोलवायची नाही. हे मला घड्याळजींनी आधी सांगायला हवे होते. बेकरीवाल्या बाई उठल्या. म्हणाल्या, "पहाटे भट्टी पेटवताना आईची आठवण आली आणि मी रडली."

"रडले," मी म्हणालो. मोठ्याने.

तोंडातून निघून गेले! आयुष्यभराची सवय. खोलीत शांतता. ती आधीही होतीच, पण ही निराळी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. बाई खाली बसल्या. कोणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, हेच अधिक लागले.

बाहेर कोट चढवताना त्यांच्यापाशी गेलो. क्षमा मागायचे वाक्य मनात बांधून ठेवले होते, पण त्याच आधी बोलल्या. "रडले. बरोबर आहे. माझी आई पण अशीच भर बोलण्यात टोकायची. अगदी तिच्याच आवाजात आल्यासारखं वाटलं हो!" आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी.

क्षमेचे वाक्य तसेच राहिले. चांगले बांधलेले होते.

बुधवार, १९ मार्च

संध्याकाळी घड्याळजींच्या दुकानात जाऊन बसलो. भिंतभर घड्याळे, प्रत्येकाची वेळ वेगळी. मी अस्वस्थ होतो. ते आरामात बसतात.

विचारले, "आपली भिंत पातळ. सकाळी माझ्या पठणाचा तुम्हाला त्रास होत असणार. कधी बोलला नाहीत."

"एवढी घड्याळं वाजतात इथं. मला कसला आलाय त्रास?"

मग चिमट्याने एक चाक उचलत त्यांनी विचारले, "आमच्यात येणार नाही म्हणालात, ते नक्की ना?"

"नक्की."

"बरं झालं."

मला थोडा रागच आला. म्हटले, "का? मी बोलतो म्हणून?"

"तसंच समजा," म्हणाले आणि हसले. भिंगातला डोळा एवढा मोठा झाला!

रविवार, २३ मार्च

आजचे सविस्तर लिहायला हवे.

बसलो होतो. मनात स्तोत्र सुरू केले. जीभ मदतीला नसल्यामुळे अर्थ धरून धरून जावे लागले, अंधारात कठडा धरून जिना उतरावा तसे. दुसऱ्या श्लोकात एक ओळ आहे, तिचा अर्थ एवढाच — 'मी आलो आहे, तू सांग.' या ओळीतल्या प्रत्येक पदाची विभक्ती मी झोपेतून उठवले तरी सांगेन. पण आज त्या ओळीशी थांबलो आणि लक्षात आले की आजवर तिथे एकदाही थांबलो नव्हतो! 'तू सांग' म्हणायचे आणि श्वाससुद्धा न घेता पुढचा श्लोक. एखाद्याच्या घरी जावे, उंबऱ्यावर उभे राहून भाषण ठोकावे, "आता तुम्ही बोला" म्हणावे आणि ते तोंड उघडायच्या आत चपला घालून निघावे — तसे! आणि पुन्हा भाषणात चूक झाली नाही म्हणून खूश!

आज थांबलो. उत्तर आले, असे मी लिहिणार नाही. जे झाले नाही ते लिहायची मला सवय नाही. पण समोरच्या खिडकीतून ऊन बाकापर्यंत येत होते, बेकरीवाल्या बाईंना डुलकी लागली होती आणि मला कोठेही जायची घाई नव्हती.

गंमत अशी की शिकायला गेलो दुसऱ्यांच्या खोलीत आणि सापडली ती माझीच ओळ. ती आमच्याच घरात होती. वडिलांनीच दिलेली होती.

वडील तिथे थांबत असत का? आठवू पाहतो. त्यांच्या चुका मला आठवत नाहीत. थांबणेही आठवत नाही.

गुरुवार, २७ मार्च

उद्या रुग्णालय. आज सकाळी स्तोत्र मोठ्याने म्हटले. 'तू सांग' पाशी थांबलो. बराच वेळ. सून हातात चहा घेऊन घाईघाईने दारात आली.

"बाबा, अडखळलात?"

"नाही. थांबलो."

ती तिथेच खाली बसली. चहा गार झाला. मग उरलेले म्हणून संपवले. आवाज खणखणीत होता, याची नोंद करून ठेवतो.

नंतर ती म्हणाली, "मगाशी रेकॉर्ड करायचं राहूनच गेलं हो!"

राहू दे म्हटले.

सोमवार, ३१ मार्च

शस्त्रक्रिया पार पडली. तोंडातून अवाक्षर काढायचे नाही, असा हुकूम. सुनेने पाटी आणून दिली आहे. परिचारिकेने खाटेवर लावलेल्या तक्त्यात 'रूग्ण' असे लिहिले होते. पाटीवर 'रु ऱ्हस्व' असे लिहून दाखवले. ती सुनेला म्हणाली, "यांचा आवाज गेला तरी काही बिघडणार नाही!"

मला आवडली ती.

रविवार, ६ एप्रिल

घरी आलो. डॉक्टरांनी सरळ सांगितले, हे त्यांनी चांगले केले. गाठ साधी होती. कुजबुजीपलीकडे आवाज मात्र आता येणार नाही. मुलाने तोंड फिरवले. मी पाटीवर लिहिले, "जेवायला काय आहे?" तेव्हा कुठे हसला.

खोटे का लिहू — आत काहीतरी तुटलेच. पण वाटले होते तेवढे नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी देव्हाऱ्यासमोर बसलो. गप्प. छान जमत होते. — इतक्यात भिंतीपलीकडून माझे स्तोत्र! घड्याळजी! पहिल्या ओळीपासून चुका, ऱ्हस्वदीर्घाचा चुराडा, एक श्लोक पुरता गायब. माझा हात आपोआप पाटीकडे गेला.

सून पळत जाऊन विचारून आली. दारातच उभी. "बाबा, ते म्हणतात, रोज सकाळी तुमचं संपलं की त्यांचं गप्प बसणं सुरू होतं. इतकी वर्षं. तुम्ही रुग्णालयात गेल्यापासून त्यांना बसताच येईना, म्हणून जसं कानावर पडलं होतं तसं स्वतःच म्हणतायत. आणि चुका सांगा म्हणाले. सुधारतो म्हणाले."

पाटीवर लिहून तिला परत पाठवले : "पोहोचली."