अकोल्याचा विनोद व्हिएतनामला

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

अकोल्याचा विनोद व्हिएतनामला पोचला. आमच्यासारख्या ट्रॅव्हल एजंटाने आधी हॉटेलं पाहावीत आणि मग गिऱ्हाईकं पाठवावीत, म्हणून कंपनी फुकट नेते ती सहल. दिवसाला नऊ हॉटेलं. पठ्ठ्याने नऊही बाथरूमचे फोटो ग्रुपवर टाकले. मी ते मोठे करकरून पाहिले. काहून? नळ पाहायला? त्याच्या दुप्पट माणसं मी तिकडे पाठवतो. सहलीला निवड मात्र त्याची.

दुपारी वलगावच्या संत्रेवाल्या काकू आल्या. घरची सहा माणसं व्हिएतनामला न्यायची आहेत. मी तिथल्या शाकाहारी जेवणाचं रसभरीत वर्णन केलं. काकूंनी विचारलं, "भाऊ, तुमी सोता गेल्ते का?"

"नाही," तोंडातून खरं तेच निघालं.

"मंग इचार करून सांगतो." उठल्याच.

बाथरूमचे फोटो पुन्हा पाहिले. मग झक मारत विनोदलाच फोन लावला.

"दादा, तिसऱ्या हॉटेलात खिचडी करून देतेत. त्याईले तिथंच ठेवा. बिनधास्त सांगा, मीच खाऊन आलो म्हना!"

काकूंना फोन करून तसंच सांगितलं. मीच खाल्ली म्हणून; मघाचं 'नाही' यंदाच्या सहलीचं होतं, अशी पुस्तीही जोडली. बुकिंग झालं.

विनोद थोडा तरी हलकट असता, तर जळायला किती सोपं गेलं असतं.