डिकीतला डग्गा

नोएडा, सोसायटीचे तळघर,
शनिवार, दुपारी चार

सौ. देवयानी खंडेराव चांदोरकर हिस,

नमस्कार. ('सौ.'च्या आधी 'कै.' लिहायचे राहिले, असे आपली लेक अश्लेषा म्हणेल. राहिलेले नाही, लिहिलेले नाही.) पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करण्याचा प्रघात आहे. तुझ्या बाबतीत तो पाळणे अवघड असल्याने माझीच कळवतो : रक्तदाब ठीक, झोप बरी, भीती पूर्ववत. पूर्वी मला लिफ्टची, तू गाडी चालवत असताना समोरून येणाऱ्या ट्रकची आणि तुझ्या बहिणीची भीती वाटे. हल्ली त्यात एका सबवूफरची भर पडली आहे.

जानेवारीत पानिपतला, काला अंबच्या कार्यक्रमात, तुमच्या महिला भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण झाले होते, हे तुला स्मरत असेल. तू गेल्यावर (मला गाडी चालवता येत नसल्यामुळे) मी येथे उभ्या असलेल्या तुझ्या गाडीत, चालकाशेजारच्या माझ्या नेहमीच्या जागी बसून ते ऐकू लागलो. तुझा डग्गा जरा अधिक ऐकू यावा म्हणून रोज आवाज किंचित वाढवत गेलो. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी डिकीतून कापड टरकावल्यासारखा आवाज आला आणि सबवूफरचा, म्हणजे खर्जाचे आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा फाटला. दारांतले लहान स्पीकर शाबूत होते. त्यांतून वासंतीताई पूर्वीइतक्याच वरच्या पट्टीत गात होत्या, हार्मोनियम वाजत होती, कोणी तरी खोकतही होते. मंडळ सगळे हजर, फक्त तू नाहीस. घरात हीच व्यवस्था आहे; ती गाडीतही व्हावी, हे मला सोसवले नाही. त्यातच अश्लेषाने गाडीचा सौदा गाझियाबादच्या एका गृहस्थांशी ठरवला. ते उद्या गाडी न्यायला येतील. डिकीतला लाकडी खोका आणि अ‍ॅम्प्लिफायरही सौद्यात गेले. मी विरोध केला नाही, कारण विरोधाचे कारण सांगावे लागले असते. तेव्हा उद्याच्या आत तुला एकदा ऐकायचे, एवढेच माझ्या हाती उरले.

तिसऱ्या मजल्यावरचे संघपाल मेश्राम (मूळचे नागपूरचे, मंत्रालयात आहेत आणि दर चौदा एप्रिलला सेक्टरातले ध्वनिक्षेपक तेच सांभाळतात) यांचा मी सल्ला घेतला. ते म्हणाले, "काका, खोका लहान, त्यात सगळीकडून बंद. मोठा स्पीकर टाकाल तर आतली हवाच त्याला हलू देणार नाही. नुसती धबधब येईल, डग्गा नाही येणार." अ‍ॅम्प्लिफायरही बेताचा, दीडशे वॅटचा, तेव्हा डब्यावर छापलेल्या हजारोंना भुलू नये, सतत किती झेपतात तेवढे विचारावे आणि आधी खोक्यात किती लिटर हवा मावते ते मोजून ठेवावे, असेही त्यांनी बजावले.

मी मोजले. स्वयंपाकघरातले लिटरचे माप घेऊन खोक्यात तांदूळ ओतला. तांदूळ संपल्यावर तूरडाळ ओतली. पंधरा लिटर आणि एक वाटी भरले. (लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार केला असता तरी चालले असते, असे मेश्रामांनी मागाहून नम्रपणे सुचवले. मी गणिताचा पदवीधर आहे, हे त्यांना कळवू नये.) तांदूळ-डाळीची खिचडी मी गेले दहा दिवस खात आहे.

खोका घेऊन मी मेट्रोने करोलबागेस निघालो. तोंडाशी गोल भोक, त्यातून लोंबणाऱ्या लाल-काळ्या दोन तारा, आणि धरणारा घामाघूम. तपासणीच्या जवानाने विचारले, "अंकल, इसमें क्या है?" मी 'ध्वनिविस्तारक' हा शब्द घरून तयार करून नेला होता. ऐन वेळी तोंडून निघाले, "इसमें मेरी पत्नी थीं." तीन जवान व एक कुत्रा आले. कुत्र्याने आत तोंड घालून मन लावून हुंगले. मग एका जवानाने खोका उलटा केला, तेव्हा कोपऱ्यातून मूठभर तूरडाळ पडली. त्यानंतर मला खुर्ची व पाणी देण्यात आले. इतक्या आदराने मला दिल्लीत कोणी बसवले नव्हते.

दुकानदाराने बारा इंची सबवूफर पुढे ठेवला. "दो हज़ार वॉट, अंकल. पूरी सोसायटी हिल जाएगी." आमच्या खांबांना तडे गेल्याच्या अर्जावर पहिली सही माझीच असल्याने मी नकार दिला. मग नेमके काय ऐकायचे आहे, असे त्याने वैतागून विचारले. एका बाईचा डावा हात, असे मी सांगितले. तो शिडीवर चढला आणि वरच्या फळीवरून धुळीने माखलेला एक आठ इंची काढून आणला. "छोटे बंद डिब्बे के लिए ही बना है. छोटा दिखता है, तो कोई लेता नहीं." लावून दाखवतो म्हणाला. मला गाडी गाठायची आहे, असे सांगून मी निघालो. (मेट्रो दर चार मिनिटांनी असते.)

बुधवारी मेश्रामांनी तो खोक्यात घट्ट बसवून दिला. मुलीला आशीर्वाद असावेत. कळावे.

तुझा,
खंडेराव

ता. क. : कसा वाजतो, हे वर लिहिलेले नाही, कारण मी तो अद्याप लावलेलाच नाही. चार दिवस येथे येऊन बसतो आणि उठतो. तिसऱ्या भजनात तुझा डग्गा दोन मात्रा थांबतो. मी त्या दिवशी सोनीपतपासून नोएडापर्यंत तुला ठेका कसा धरावा हे समजावत आलो, आणि तू स्टिअरिंग धरून "हो, चुकलंच" एवढेच म्हणालीस. पाच आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितले की हात चुकत नव्हता, आजाराने थांबत होता. हे सर्व पत्र एवढ्यासाठीच होते. शक्य असल्यास क्षमा कर.

पुन्हा ता. क. : लावला. आलीस. तिसऱ्या भजनात त्या दोन मात्रा मी डॅशबोर्डवर दिल्या, एक चुकली. वासंतीताई थांबल्या नाहीत. नंतर भजनांचा पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवला, गाडीचे दार कुलूपबंद केले. किल्ल्या सव्वासहा वाजता अश्लेषाकडे परत दिल्या.