नळी मोकळी करा

४ मार्च
माझ्या एका वाक्यामुळे खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीच्या मुलाचे दोन्ही हात गेले, म्हणून लिहायला बसले आहे. दुसऱ्या कोणाशी बोलायची सोय नाही.

या यादवीत परक्या सरकारने आपल्या बाजूला उखळी तोफा दिल्या. सोबतचं माहितीपुस्तक आपल्या भाषेत मी केलं. गोळा उडाला नाही तर 'नळीभोवतीची जागा मोकळी करा' असं हवं होतं. मी लिहिलं, 'नळी मोकळी करा'. त्याने हात घालून मोकळी केली. माझाच विद्यार्थी!

५ मार्च
दवाखान्यात गेले. चादर गळ्यापर्यंत ओढलेली.
"बाई, मोकळी म्हणजे रिकामीच ना?"
"हो रे."
"मग बरोबर केलं मी." हसला!

६ मार्च
त्या सरकारचा इथला सल्लागार भेटला. "दुरुस्ती द्या, चिकटवून टाकू." एवढंच!
विचारलं, आमच्या घरच्या भांडणात तुम्ही कशाला?
"आम्ही लढत नाही बाई, मदत करतो."
मदत! दोघे भाऊ एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि हा बाजूला उभा राहून काठी पुरवणार.
"आम्ही निघून गेलो तर तुमचं शहर पडेल. मग?"
दुरुस्तीसाठी कोरा कागद घेऊन घरी आले.

९ मार्च
दुरुस्ती लिहिलेली नाही. ताई नदीपलीकडे राहते. तिचा धाकटा तिकडच्या फौजेत. चूक तशीच राहिली तर आपली पोरं बिचकतील, तोफा पडून राहतील, भाचा वाचेल — आणि जी बिचकणार नाहीत, त्यांचं काय?

१० मार्च
भाजी चिरताना सुरी खाली ठेवली. स्वतःची बोटं बघवेनात.

११ मार्च
शिवणवाली दारात बसून त्याच्या शर्टांच्या बाह्या उसवत होती.
"लिहिलंत का नीट, बाई?"
"अजून नाही."
"शुद्धलेखन तपासताय वाटतं!"
वर आले. चपलाही न काढता लिहिलं.

१२ मार्च
दुरुस्त पान सल्लागाराच्या हातात दिलं. त्याने आणखी एक प्रत मागितली — नदीपलीकडच्या फौजेसाठी. तोफा त्यांनाही दिल्यात. जुनं पुस्तकही तिकडे कधीच पोचलंय. "भाषा एकच, बरं झालं!" म्हणाला.
दुसरी प्रत दिली.