नाकतोड्याचा डोळा

रविवार, संध्याकाळ

अखेर डोळा मिळाला! तीन रविवार गच्चीवरच्या नाकतोड्याचा डोळा कॅमेऱ्यात टिपू पाहतेय. अ‍ॅपर्चर अकरावर, फोकस अचूक, तरी फ्लॅशचा पांढरा डाग नेमका डोळ्यावर पडायचा.

आज आई चप्पल उगारूनच आली. “गौलीगुड्याच्या बाजारातून आणलेलं माझं कढीपत्त्याचं रोप खातोय, अन् तू त्याचे फोटो काढ!”

“एकच फोटो, आई. दह्याच्या डब्याचं ते पांढरट झाकण फ्लॅशपुढे धर.”

एका हातात चप्पल, दुसऱ्यात झाकण. श्वासही रोखला तिनं. प्रकाश मऊ झाला, डाग गेला. फोटोत मी डोळ्यावरच्या सात रेघा मोजल्या.

मी फोटो कुणालाच दाखवत नाही. आज कॅमेरा तिच्या हातात का दिला?

“हौ गं, डोळ्यात काजळ घातलंय की यानं!”

मग चप्पल खाली टाकून तिनं पायात सरकवली.

“खाऊ दे.”