लांब धरलेला ग्रंथ

छ. संभाजीनगर

आईस सप्रेम जय भीम,

अक्षर मैत्रिणीचं आहे, श्रेयाचं. घाबरून पैठणहून धावत येऊ नकोस.

भाषणात मी संविधानाचा जाड ग्रंथ हात लांब करून सारखा उंच धरते ना, त्यानं खांद्याचा स्नायू फाटलाय. डॉक्टर म्हणाले, "ग्रंथ दीड किलोचाच, पण हात म्हणजे लांब तरफ. स्नायू सांध्याजवळ जोडलेला, त्याला पंचवीस किलोंचा जोर लावावा लागतो."

येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. हजारोंपुढं गरजणारी मी, आई, लई भ्यालेय. हात पुन्हा वर गेलाच नाही तर?

तू घागर कायम कमरेला टेकवून आणलीस. तुला हे कुणी शिकवलं?

जवळ धरलं की ओझं हलकं होतं म्हणे. पहिल्या एसटीनं ये.

तुझी,
अमृता